पदवीचा ताळेबंद : विनाअनुदानित महाविद्यालय आणि सामान्य कुटुंब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचे आणि प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले की ग्रामीण भागातील कार्यकर्त्याच्या दारात एक प्रश्न हमखास येऊन उभा राहतो. प्रश्न विचारणारा बहुधा चार-पाच एकर कोरडवाहूचा धनी असतो, एस.टी.तला वाहक असतो, किंवा गिरणी बंद पडल्यावर गावी परतलेल्या कामगाराचा मुलगा असतो. तो म्हणतो, "भाऊ, तालुक्याच्या खाजगी इंजिनियरिंग कॉलेजात पोराचा नंबर लागतोय. चार वर्षांचे सहा-सात लाख होतील म्हणतात. बँक कर्ज देते. घालावं का पोराला ?"

कार्यकर्त्याजवळ या प्रश्नाचे राजकीय उत्तर तयार असते. शिक्षणाचे बाजारीकरण थांबले पाहिजे, असा ठराव त्याने अनेक अधिवेशनांत हात वर करून संमत केलेला असतो. परंतु विचारणाऱ्याला ठराव नको असतो. त्याला आठ दिवसांत पैसे भरायचे असतात किंवा जागा सोडायची असते. त्याचा प्रश्न हिशेबाचा असतो आणि त्या हिशेबावर त्याची जमीन, त्याच्या मुलीचे शिक्षण आणि मुलाच्या उमेदीची दहा वर्षे अवलंबून असतात. हा हिशेब टाळून केलेले राजकारण त्याच्या उपयोगाचे नाही. उलटपक्षी, हिशेब नीट मांडला तर राजकारण त्यातूनच निष्पन्न होते. हेच आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

'खाजगी' या शब्दाची दोन रूपे

महाराष्ट्राला खाजगी महाविद्यालय नवे नाही. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. तेथील आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास स्वतःला बांधून घेत. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हे सूत्र प्रत्यक्षात आणून बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहे चालविली. कायद्याच्या भाषेत याही संस्था खाजगीच होत. परंतु तेथे शिक्षणाचा भार संस्थाचालकांचा त्याग, लोकांच्या देणग्या आणि पुढे शासनाचे वेतन-अनुदान यांत वाटला जाई. विद्यार्थ्याच्या वाट्याला त्याचा लहानसा अंश येई.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली आणि 'खाजगी' या शब्दाचा अर्थच पालटला. या निर्णयामागे केवळ स्वार्थ होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्या वेळी राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये मोजकीच होती. ज्यांना ऐपत होती त्यांची मुले कर्नाटकात जात आणि कॅपिटेशन फी तेथे भरीत. शासनाजवळ पैसा नाही, तेव्हा समाजाने महाविद्यालये काढावीत, हा युक्तिवाद वरकरणी सयुक्तिक होता. प्रश्न एवढाच की, समाज म्हणजे कोण ? ज्यांच्या हाती सहकारी कारखाना, बँक आणि सत्तेतील वजन होते, तो थर पुढे सरसावला. कित्येक ठिकाणी सभासदांच्या ऊसबिलातील कपातीतून इमारती उठल्या, कोठे सवलतीने जमिनी मिळाल्या. भांडवल बव्हंशी लोकांचे, मालकी विश्वस्त मंडळाची आणि विश्वस्त मंडळ एका घराण्याचे, अशी रचना अनेक जागी रूढ झाली. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत उगाच रुळला नाही.

न्यायाची बाजू सोडता कामा नये. १९९० नंतर संगणक-उद्योगाचा विस्तार झाला तेव्हा याच महाविद्यालयांतून बाहेर पडलेली विदर्भ-मराठवाड्यातील अनेक मुले पुण्याला, बंगळूरला आणि परदेशात पोचली. ज्यांच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते, त्यांच्या घरात एका पिढीत पक्के छत आले. प्रश्न विचारणाऱ्या बापाच्या डोळ्यांपुढे हीच उदाहरणे असतात आणि ती खोटी नाहीत. फक्त ती ज्या काळातील आहेत तो काळ मागे पडला आहे.

कायद्यानेही या व्यवस्थेला लगाम घालण्याचा प्रयत्न केला. १९८७ साली महाराष्ट्राने कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा केला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने जागांची 'मोफत' आणि 'सशुल्क' अशी विभागणी केली. २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती मोडून संस्थांना स्वतःचे शुल्क ठरविण्याची मुभा दिली. नफेखोरी नको, परंतु वाजवी अधिशेष चालेल, असा तो दंडक होता. २००३ च्या निकालाने निवृत्त न्यायमूर्तींच्या शुल्क समित्या आल्या आणि महाराष्ट्राच्या २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट मात्र कायम राहिली. शुल्क ठरते ते संस्थेने किती खर्च दाखविला त्यावरून. विद्यार्थ्याच्या हाती शेवटी काय पडले, याचा त्या आकारणीशी काहीही संबंध नाही. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या एका वाक्यात आहे.

खर्चाची बाजू

आता प्रश्न विचारणाऱ्या त्या कुटुंबाचा हिशेब मांडू पाहावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराने आपापले आकडे घालून हीच रीत वापरावी.

समजा, शिक्षणशुल्क वर्षाला ९०,००० रुपये आहे. वसतिगृह अथवा कॉट बेसिसवरची खोली, खानावळ, प्रवास, पुस्तके आणि परीक्षा शुल्क मिळून ७०,००० रुपये होतात. हे १,६०,००० झाले आणि चार वर्षांचे ६,४०,०००. बाप म्हणतो तो आकडा हाच. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा आकडा एका बाजूने जास्त आहे आणि दुसऱ्या बाजूने फार कमी आहे. जास्त अशासाठी की, मुलगा घरी राहिला असता तरी जेवलाच असता. त्या घरच्या जेवणाखाण्याचे वर्षाला २५,००० वजा केले पाहिजेत. म्हणजे शिक्षणामुळे वाढलेला खर्च वर्षाला १,३५,००० आणि चार वर्षांत ५,४०,००० रुपये.

कमी अशासाठी की, सर्वांत मोठी एक रक्कम या यादीत नाहीच. चार वर्षे मुलगा कमावता झाला असता. औद्योगिक वसाहतीत, दुकानात किंवा वाहनावर त्याला महिना १०,००० मिळाले असते असे धरले, तरी चार वर्षांत ४,८०,००० रुपयांवर पाणी सोडावे लागते. ही रक्कम कोणत्याही पावतीवर छापलेली नसते, म्हणून ती दिसत नाही. पण गरीब घरात ती रोजच्या भाकरीत दिसते. दोन्ही मिळून खरा खर्च होतो १०,२०,००० रुपये. श्रीमंताच्या मुलाच्या बाबतीत ही बुडालेली मजुरी कोणाला जाणवत नाही. शेतमजुराच्या घरात तिच्यामुळे धाकट्या भावाचे शिक्षण थांबते. शुल्क सर्वांना सारखे असले तरी त्याचे ओझे सारखे नसते.

त्यावर कर्जाचे व्याज येते. समजा, चार वर्षांत दर वर्षी सव्वा लाख याप्रमाणे पाच लाखांचे कर्ज ११ टक्के दराने काढले. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेड नसते, म्हणून कुटुंब निश्चिंत असते. परंतु व्याज पहिल्या हप्त्यापासून चालू झालेले असते. सरळव्याजाने ते या पाच वर्षांत १,९२,५०० होते आणि परतफेडीच्या पहिल्या दिवशी देणे ६,९२,५०० रुपयांचे होते. सात वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे ११,८५० रुपये पडतो. शेवटच्या हप्त्यापर्यंत बँकेला दिलेली रक्कम दहा लाखांच्या घरात जाते. पाचाचे दहा होतात. सावकाराच्या वहीतील ही जुनी म्हण बँकेच्या छापील कागदावर अधिक सभ्य दिसते, इतकेच.

मिळकतीची बाजू

मिळकत किती, हे कुटुंबाला कोण सांगतो ? महाविद्यालयाचे माहितीपत्रक आणि चौकातील फलक. त्यावर सर्वाधिक 'पॅकेज' मोठ्या अक्षरांत असते. या आकड्याची फोड कार्यकर्त्याला करता आली पाहिजे.

एका वर्गात दहा मुले आहेत असे समजा. एकाला वर्षाला १२ लाखांची नोकरी मिळाली. तिघांना प्रत्येकी ३ लाखांची मिळाली. दोघांना महिना १८,००० रुपयांची, म्हणजे वर्षाला २,१६,००० ची मिळाली. चौघांना काहीच मिळाले नाही. फलकावर येते : 'सर्वोच्च १२ लाख'. थोडे प्रामाणिक महाविद्यालय सरासरी छापते. पण ती नोकरी लागलेल्या सहांचीच असल्यामुळे ४ लाख २२ हजार भरते. आता दहाही मुले पगाराच्या क्रमाने रांगेत उभी करा आणि मधल्या मुलाला पगार विचारा. तो म्हणेल, महिना १८,०००. यालाच संख्याशास्त्रात मध्यक म्हणतात. सामान्य बापाचा सामान्य मुलगा रांगेत कोठे उभा राहण्याचा संभव अधिक, हे सांगावयास संख्याशास्त्रज्ञ नको.

१८,००० पगारात पुण्यासारख्या शहरी खोली व खानावळ यांत १०,००० गेले, तर हातात ८,००० उरतात आणि हप्ता ११,८५० चा आहे. पदवीधर मुलगा नोकरीला लागल्यावर बापाने गावाहून पैसे पाठवायचे, असा हा व्यवहार होतो. शिवाय पदवी न घेणारा त्याचा सोबती चार वर्षांच्या अनुभवाने तोपर्यंत १५,००० पर्यंत पोचला असेल, तर पदवीची खरी वाढीव मिळकत महिना ३,०००, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपयेच ठरते. १०,२०,००० रुपये वसूल व्हायला, व्याज सोडूनही, अठ्ठावीस वर्षे लागतील. याउलट पहिला पगार ३५,००० असेल तर वाढीव मिळकत वर्षाला २,४०,००० होते आणि तोच खर्च सव्वाचार वर्षांत भरून निघतो. एकाच महाविद्यालयातील, एकाच वर्गातील दोन मुलांमध्ये हे अंतर पडू शकते. पगार पुढे वाढतो हे खरे. पण हप्ते सुरुवातीच्याच वर्षांत असतात आणि कर्जबुडवा हा शिक्काही त्याच वर्षांत बसतो.

आणि ज्यांची पदवी पुरीच होत नाही त्यांचे काय ? मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या वर्षी गणितात आणि इंग्रजीत अडखळतो, एटीकेटीच्या फेऱ्यात अडकतो, एखादे वर्ष वाया जाते आणि तिसऱ्या वर्षी तो घरी परततो. त्याच्याजवळ पदवी नसते, कर्ज मात्र असते. कोणत्याही फलकावर या मुलाची गणती होत नाही. प्रत्यक्षात तोट्याचा सर्वांत मोठा हिस्सा त्याच्याच नावावर असतो.

येथे महाविद्यालयाच्या लहानपणाचा प्रश्न येतो. लहान महाविद्यालय वाईटच असते असे नाही. शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतो, हे त्याचे बळ. परंतु प्रयोगशाळा, ग्रंथालय, कार्यशाळा यांचा खर्च विद्यार्थी तीनशे असोत की तीन हजार, फारसा कमी होत नाही. जागा रिकाम्या राहिल्या की उत्पन्न घटते आणि पहिली कात्री शिक्षकांच्या वेतनावर चालते. तुटपुंज्या एकत्रित पगारावरील, तेही महिनोन्‌महिने थकलेल्या पगारावरील शिक्षक संधी मिळताच निघून जातो. अध्यापन ढासळते, निकाल ढासळतो, पुढच्या वर्षी आणखी जागा रिकाम्या राहतात. नोकरी देणाऱ्या कंपन्यांनाही चार मुलांसाठी तालुक्याच्या गावी येणे परवडत नाही. त्या मोठ्या शहरातील मोठ्या संस्थेत जातात आणि लहान महाविद्यालयाच्या मुलांना तेथील 'पूल कॅम्पस'च्या रांगेत उभे राहावे लागते. तेव्हा कमी शुल्काचे महाविद्यालय स्वस्तच असते असे नाही. ज्याच्यातून काही हाती लागत नाही, ते कमी किमतीतही महागच.

मग कुटुंबे पैसे का भरतात ?

हिशेब इतका प्रतिकूल असू शकतो, तर लाखो कुटुंबे पैसे का भरतात ? त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे, पण ते चुकीचे आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी शिक्षण ही माणसात केलेली भांडवली गुंतवणूक होय, असा सिद्धान्त मांडला. शिक्षणाने उत्पादकता वाढते, म्हणून पगार वाढतो, हा त्याचा गाभा. पुढे १९७३ साली मायकेल स्पेन्स यांनी दाखविले की, पदवीने उत्पादकता वाढो न वाढो, मालकाच्या लेखी ती उमेदवार निवडण्याची खूण म्हणून काम करते. पूर्वी बारावीवर मिळणाऱ्या नोकरीला आज पदवी मागतात. काम तेच असते, दारावरची चाळणी तेवढी बारीक झालेली असते. अशा बाजारात पदवी घेतल्याने पुढे जाता येईल याची हमी नसते, परंतु न घेतल्यास रांगेतूनच बाहेर पडावे लागते. सभेत पुढचे लोक उभे राहिले की मागच्यांनाही उभे राहावे लागते. सगळेच उभे, आणि दिसते मात्र पूर्वीइतकेच.

भारतातील सुशिक्षितांच्या बेकारीवर मार्क ब्लाउग, रिचर्ड लेयार्ड आणि मॉरीन वुडहॉल यांचा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. बेकारी असूनही पदवी कुटुंबाला किफायतशीर वाटते, कारण खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून निघणारा उपाय सरळ होता : अनुदान कमी करा, शुल्क वाढवा, गर्दी आपोआप ओसरेल. १९९७ साली केंद्रीय अर्थखात्याच्या अनुदानविषयक टिपणाने उच्च शिक्षणाची गणना 'नॉन-मेरिट' सेवांत केली, ती याच विचारधारेतून. विनाअनुदानित महाविद्यालय हा या सिद्धान्ताचा प्रत्यक्ष प्रयोगच होता. अनुदान शून्य झाले, शुल्क वाढले. गर्दी ओसरली काय ? पहिली पंचवीस वर्षे ती वाढतच गेली. कारण कुटुंबाला पर्याय दुसरा नव्हता. शेती तोट्यात, कारखान्यात कंत्राटी भरती आणि सरकारी भरती गोठलेली. दार एकच असेल तर त्याचे भाडे कितीही वाढले तरी लोक भरतात. याला अर्थशास्त्रात मक्तेदारीचे भाडे म्हणतात.

२०१० नंतरच्या दशकात मात्र राज्यात दर वर्षी अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या, कित्येक महाविद्यालये बंद पडली आणि २०२०-२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला काही वर्षे नव्या महाविद्यालयांना परवानगी देणे थांबवावे लागले. बाजाराचे भक्त म्हणतील, पाहा, बाजाराने चूक दुरुस्त केली. केली खरी, पण तिचा खर्च कोणी दिला? ज्या मुलांच्या पदव्यांना किंमत उरली नाही त्यांनी, ज्यांचे महाविद्यालय मध्येच बंद पडले त्यांनी आणि थकलेल्या पगाराचे ज्यांना काहीच मिळाले नाही त्या शिक्षकांनी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अहवालानुसार २०२१-२२ मध्ये पंचविशीच्या आतील पदवीधरांत बेकारीचे प्रमाण ४२ टक्क्यांहून अधिक होते. अशी दुरुस्ती पिढीच्या किमतीवर होते.

धोका कोणाचा ?

वास्तविक कोणत्याही गुंतवणुकीत ज्याला नफा, त्याला काही प्रमाणात धोका, हा भांडवलशाहीचा स्वतःचाच नियम आहे. या व्यवहारात तो पाळला जात नाही. संस्थेला शुल्क आगाऊ मिळते. सरकारी बँक ते कर्जरूपाने पुरविते आणि साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून सरकारी हमीनिधीचा आधार आहे. मुलाला नोकरी लागो वा न लागो, संस्थेचे काहीही बुडत नाही. बुडते ते कुटुंबाचे.

शासनाच्या योजना आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना उत्पन्नमर्यादेत शुल्काची प्रतिपूर्ती आहे. राजर्षी शाहू महाराज योजनेतून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना निम्मे शिक्षणशुल्क मिळते. जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना याच मर्यादेत पूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. मुलाच्या इंजिनियरिंगसाठी जमीन गहाण आणि मुलीला गावातल्या कला शाखेत, हा घराघरांतील अन्याय त्यामुळे थोडा तरी हलेल. परंतु हा लाभ केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांनाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यांना तो नाही. खोली आणि खानावळीचा खर्चही उरतोच. शिवाय प्रतिपूर्तीचा पैसा अंतिमतः संस्थेच्याच तिजोरीत जातो. शासन विद्यार्थ्याला मदत करते आणि शुल्काची पातळी मात्र तशीच राहते.

केंद्राच्या योजनांची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. साडेचार लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांना अभ्यासकाळातील व्याजाची सवलत २००९ पासून होती. २०१८ पासून ती मानांकित संस्था वा अभ्यासक्रम यांपुरतीच ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मधील पीएम-विद्यालक्ष्मी योजना तर राष्ट्रीय क्रमवारीतील निवडक संस्थांसाठी आहे. याचा अर्थ असा की, तालुक्यातील लहान, मानांकन नसलेल्या महाविद्यालयात ज्याला नाइलाजाने जावे लागते, त्या सर्वांत दुर्बल विद्यार्थ्याला सर्वांत महाग कर्ज मिळते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. भाषा बदलली, निवेदनाचा आशय अद्याप जुना झालेला नाही.

कार्यकर्त्यांचे काम

तेव्हा दारात आलेल्या त्या बापाला काय सांगावे ? प्रथम, त्याच्याबरोबर त्या महाविद्यालयात जावे आणि काही साधे प्रश्न विचारावेत. चार वर्षांपूर्वी या शाखेत किती मुले आली, त्यांतील किती वेळेवर उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती ? अभ्यासक्रमाला मानांकन आहे काय ? शिक्षक किती आहेत आणि त्यांचा पगार कधीपासून थकला आहे ? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मिळत नाही, कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मिळते. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. त्याची प्रत प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत असावी.

दुसरे, पर्याय दाखवावेत. शासकीय तंत्रनिकेतनात पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्यात खर्चही कमी आणि मध्येच थांबावे लागले तरी हाती एक कौशल्य राहते. अनुदानित विज्ञान महाविद्यालय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांत कमीपणा नाही. आणि हिशेब अनुकूल निघाला, महाविद्यालय चांगले असेल, मुलाची जिद्द असेल, तर तत्त्वाच्या नावाखाली त्याला अडवू नये. आपली मुले शहरात शिकवून दुसऱ्याच्या मुलाला त्यागाचा उपदेश करणारा कार्यकर्ता लोकांना लगेच ओळखू येतो.

तिसरे, या हिशेबातून मागण्या उभ्या कराव्यात. प्रत्येक विनाअनुदानित महाविद्यालयाने शाखावार, प्रवेश घेतलेल्या सर्व विद्यार्थ्यांचा निकाल, रोजगार आणि मध्यक वेतन, लेखापरीक्षकाच्या सहीने जाहीर करावे. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही २०१५ पासून सरकार महाविद्यालयवार कर्ज आणि कमाई यांचे आकडे लोकांपुढे ठेवीत आहे. मग येथे फलकावरच्या 'पॅकेज'वर विश्वास का ठेवावा ? कागदावर दाखविलेला पगार शिक्षकांच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्याखेरीज शुल्क नियामक प्राधिकरणाने तो खर्चात धरू नये. परतफेड उत्पन्नाशी निगडित असावी. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून ठराविक उत्पन्नाची पातळी ओलांडल्यावरच कराबरोबर परतफेड होते, अठरा हजारांच्या पगारातून कोणी हप्ता ओरबाडीत नाही. महाविद्यालय बंद पडले तर विद्यार्थ्यांचे स्थलांतर आणि शुल्काची भरपाई यांची जबाबदारी विश्वस्तांवर असावी.

हे सारे मलमपट्टीचे उपाय आहेत, याचे भान ठेवावे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करण्यास सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तोच आकडा पुन्हा उच्चारला. चोपन्न वर्षांत आकडा तसाच राहिला, कारण दरम्यान खर्चाचा भार गुपचूप कुटुंबांच्या खांद्यावर सरकविण्यात आला. जोपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात शासकीय अथवा अनुदानित तंत्रशिक्षणाच्या पुरेशा जागा नाहीत आणि पदवीशिवायही सन्मानाने जगता येईल असा रोजगार नाही, तोपर्यंत तो बाप पुढच्या जूनमध्ये पुन्हा दारात येणारच.

तो आला की कार्यकर्त्याने ठरावाची फाईल बाजूला ठेवावी, कोरा कागद घ्यावा आणि त्याच्यासमोर दोन रकाने आखावेत : जाणारे आणि येणारे. सर्व आकडे भरून झाले की तिसराही रकाना आखावा : कोणाचे जाते आणि कोणाकडे येते. पहिल्या दोन रकान्यांतून त्या कुटुंबाला सल्ला मिळेल. तिसरा रकाना वाचून तो बाप पुढच्या सभेला स्वतःहून येईल.